वाजून बंद झालेला फोन

मुलुंडच्या आमच्या इमारतीत फोन एकच होता, तळमजल्यावरच्या काकूंकडे. काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणून त्यांना तो लवकर मिळाला होता. बाकीची इमारत त्या एका फोनच्या आधाराने राहत असे. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असोत, कुणाचा भाऊ आखातातून बोलणार असो, काकूंची जिन्यातली हाक सगळ्यांच्या घरात पोचायची. मी मावशीकडे, वरच्या मजल्यावर राहत होते. मावशीचे गुडघे दुखत आणि मी दिवसभर अंधेरीला कामावर, त्यामुळे आमचा निरोप आला की काकूंनाच वर चढावं लागे. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण बाबांना बोरिवलीला रुग्णालयात ठेवलं आणि निरोप रोजचेच झाले, तेव्हा त्यांनी माझ्या दादाला सरळ सांगितलं.

“हे बघ, ‘बाबा बरे आहेत’ एवढंच सांगायचं असेल तर मला उचलायला लावू नकोस. तुझंही नाणं वाचेल. दुपारच्या वेळी थोडा वाजू दे आणि ठेवून दे, तेव्हा दुसरं कुणी करत नाही. मी समजेन, सगळं ठीक आहे. खरंच काही बोलायचं असेल तर वाजत ठेव, मग मी उचलते.”

यात नवीन काहीच नव्हतं. अर्ध्या मुंबईत असंच चालायचं. सार्वजनिक फोनमध्ये पलीकडच्याने उचलल्यावरच नाणं टाकावं लागे. त्यामुळे गावाहून परत पोचलो, परीक्षा पार पडली, बाळ-बाळंतीण घरी आले, अशा सगळ्या चांगल्या बातम्या नुसत्या घंटीवर जायच्या. नाणं अडचणीसाठी राखून ठेवलेलं असायचं.

बाबा आमच्या तालुक्याच्या गावात भाताच्या गिरणीत होते. आई मी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून आम्हा दोघांना त्यांनीच वाढवलं. दादा दहावीनंतर मुंबईला कारखान्यात लागला आणि त्याच्या पगारातून माझं कॉलेज झालं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. निकालाच्या दिवशी बाबा गिरणीतल्या धुळीने पांढरे झालेले तसेच धावत आले होते. मला जवळ घ्यायला हात पुढे केले, मग कपड्यांकडे बघून मागे घेतले. मी जे काही झाले ते त्या दोन माणसांच्या कष्टांवर झाले, हे मी आजही कुणापुढेही सांगते.

गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात वर्षं काढल्यामुळे बाबांना एक सवय लागली होती. ते एक वाक्य बोलत आणि थांबत. समोरच्याने हूं म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. लहानपणी गोष्ट सांगतानाही तसंच. मी पेंगायला लागले की म्हणायचे, “हूं म्हण गो. नायतर तू आयकतंस काय झोपलंस, माका कसा कळतला?” शेवटी त्या धुळीनेच त्यांची छाती धरली. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा दादा त्यांना बोरिवलीला, आपल्या घराजवळ घेऊन आला.

त्या वेळी मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नुकतीच लागले होते. आमच्या गटाचं काम संगणकांना एकमेकांशी बोलायला लावण्याचं होतं. कंपनीचं औषधं वाटपाचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. त्यांचा मोठा संगणक आमच्याच इमारतीत होता आणि गोदाम घाटकोपरला, जुन्या आग्रा रोडवर. रोज संध्याकाळी अंधेरीच्या यंत्राने दुसऱ्या दिवशीच्या मालाची यादी घाटकोपरच्या यंत्राला टेलिफोनच्या तारेवरून पाठवायची. दोन्हीकडे एकेक मोडेम होता. तो आकड्यांचे सूर करायचा आणि पलीकडचा मोडेम सुरांचे पुन्हा आकडे करायचा. त्याची ती शीळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, यंत्र बिघडलं.

आमचे सर शीवला वाढलेले तमिळ गृहस्थ होते. मराठी फाडफाड बोलायचे. माझं अक्षर टापटीप म्हणून मला मास्तरीण म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एकाखाली एक आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाले, “हे थर. प्रत्येक थराचं काम वेगळं. खालच्याने वरच्याच्या भानगडीत पडायचं नाही. समजलं?”

“नाही, सर.”

“शाबास. बाकीचे सगळे हो म्हणाले होते.”

मी घरी जाऊन खूप विचार केला. दुसऱ्या दिवशी भीत भीत विचारलं, “सर, आमचे बाबा गावाहून एस.टी.ने पोहे पाठवतात, तसं का हे? पोहे पिशवीत. पिशवी गोणपाटात शिवलेली. त्यावर माझा पत्ता. वर एस.टी.ची पार्सलची चिठ्ठी. ड्रायव्हरला पोह्यांशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त गाडी मुंबईला न्यायची असते. डेपोतला माणूस फक्त चिठ्ठी बघतो. आमचा दादा फक्त पत्ता बघतो आणि मला आणून देतो. पिशवी उघडते ती मी. पण बाबांच्या आणि माझ्या दृष्टीने, पोहे त्यांनी दिले आणि मी घेतले, बस.”

सर फळा पुसता पुसता थांबले. “आणि पिशवी फाटून अर्धे पोहे वाटेत सांडले तर?”

“बाबा पत्रात लिहितात, अमुक पायली पाठवलेत. मी मोजून बघते. कमी भरले तर कळवते.”

“आणि पिशवी पोचलीच नाही तर?”

“मी पोच लिहिते ना, सर. पोच आली नाही तर ते पुन्हा चौकशी करतात.”

“झालं. तुझ्या बाबांना सगळं येतंय, इथे नोकरीला घेऊन ये,” सर म्हणाले. पुढे नव्या मुलांना ते हेच पोहे वाढायचे. सर्वांत खालचा थर म्हणजे तार आणि तिच्यावरचे सूर. त्याच्या वरचा थर मजकुराचे छोटे गठ्ठे करतो आणि वाटेत काही बिघडलं का ते ताडून बघतो. त्याच्यावरचा थर गठ्ठा कुणाकडे जायचा ते पाहतो, त्याच्यावरचा दोघांमधलं बोलणं सांभाळतो. अगदी वर आमची औषधांची यादी, जिला यातलं काहीच माहीत नसतं. आणि प्रत्येक थरात दोन टोकांना आधी ठरलेले नियम असतात, कोण आधी बोलणार, कोण हूं म्हणणार, हूं आलं नाही तर काय करायचं. त्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. गटात बहुतेक सगळे इंग्रजी शाळांतून आलेले होते. आपल्यालाही हे कळू शकतं याचा मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी रुग्णालयात बाबांच्या उशाशी बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांना धाप लागत होती. तरी प्रत्येक वाक्याला हूं म्हणत होते.

ऑफिस सुटलं की मी रोज अंधेरीहून बोरिवलीला जायचे, बाबांना जेवू घालून मुलुंडला परतायचे. रविवारी दादाची पाळी असे. एका रविवारी त्याने मला सक्तीने घरी थांबवलेलं. “तुझे डोळे बघ कसे झालेत. एक दिवस झोप. मी आहे ना. काही लागलं तर फोन वाजत ठेवीन.”

त्या रविवारी दुपारी काकूंनी जिन्यातून हाक मारली. “अगं, दादाचा फोन वाजून बंद झाला. सगळं ठीक.”

मी बाबांची धुतलेली धोतरं घडी घालत होते. बरं वाटलं. थोड्या वेळाने काकू पुन्हा. “पुन्हा वाजून बंद झाला गं. आज दादा खुशीत दिसतोय.” आणि मग आणखी एकदा, हसत हसत, “आता बास म्हणावं त्याला. ठीक आहे ते कळलं. घरी सोडणार असतील बाबांना, बघ तू.”

मला खरंच तसं वाटलं. मावशीही म्हणाली, “सोडतीलच. काल तर पेज पूर्ण प्यायले ना?” मी केस धुतले. बाबा मुलुंडला आले तर खाट खिडकीशी लावू, म्हणजे त्यांना वारा मिळेल, असं आम्ही दोघींनी ठरवलं आणि खाट सरकवूनही टाकली. मग मी झोपले. कित्येक दिवसांनी मला तशी गाढ झोप लागली होती.

ऊन उतरल्यावर दादाच्या कारखान्यातला एक जण स्कूटरवरून आला. दारात उभा राहून म्हणाला, “ताई, चला.” पाणी दिलं तर घेईना. तेव्हा कळलं.

मी पोचले तेव्हा बाबांना वॉर्डातून हलवलेलं होतं. दादा बाहेर बाकावर बसला होता. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “आलीस?”

गावाला दिवसकार्य झालं. पाहुणे पांगल्यावर मागच्या पडवीत दादाने मला गाठलं.

“मी किती वेळा फोन लावला.”

“तू ठीक आहे म्हणून कळवत होतास.”

“ठीक आहे? बाबांना श्वास घेता येत नव्हता आणि मी ठीक आहे म्हणून कळवीन? मी फोन वाजत ठेवला होता. दर वेळी मध्येच बंद पडत होता. पुन्हा लावत होतो.”

“काकू म्हणाल्या, वाजून बंद झाला.”

“काकू म्हणाल्या.” तो अंगणाकडे बघत होता. “काकू मलाही म्हणाल्या. तू झोपली होतीस म्हणून.”

  मुंबईला परतल्यावर भाऊबीजेला मी गेले, त्याने ओवाळून घेतलं, वहिनीने जेवायला वाढलं. दादा पानावरून उठून लगेच बाहेर गेला. काकूंनी तर माझ्याशी बोलणंच कमी केलं. जिन्यात भेटल्या की पदर सारखा करून बाजूला व्हायच्या. त्यांना काय वाटत असेल ते मला दिसायचं, पण त्यांना काय सांगायचं तेच मला माहीत नव्हतं. आपल्या तिघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, किंवा निदान कुणीतरी नीट ऐकलं नाही, असंच मीही धरून चालले होते.

मग घाटकोपरच्या गोदामातून तक्रार आली. माल फळीवर असूनही यादीत नसायचा आणि गिऱ्हाइकांची मागणी परत पाठवली जात होती. गोदामाचे व्यवस्थापक ऑफिसात येऊन सरांवर गरजले, “तुमचं यंत्र अर्धी यादी देतं आणि वर म्हणतं, यादी संपूर्ण! अरे, निदान लाज तरी वाटू दे त्याला.”

सरांनी मला बोलावलं. “मास्तरीण, पोहे कुठे सांडतायत ते शोध.”

मी एकेक थर तपासत गेले. तारेवर अधूनमधून खरखर होती, पण ती तर नेहमीचीच. गठ्ठे जे पोचत होते ते चोख पोचत होते, प्रत्येकाची पोचही परत येत होती. दोन्हीकडचे प्रोग्राम आपापलं काम नीट करत होते. कुणाची चूक म्हणून बोट दाखवावं असं काही सापडेना. शेवटी मी अगदी वरच्या थराचे नियम वाचायला घेतले. ते माझ्या आधीच्या कुणीतरी ठरवले होते. त्यात होतं की यादी संपली की अंधेरीने गप्प व्हायचं, आणि घाटकोपरने काही वेळ वाट बघून, पलीकडून काही येत नाही असं दिसलं, की यादी पूर्ण झाली असं समजायचं.

म्हणजे मध्येच लाइन तुटली, की तीही शांतताच. घाटकोपरचं यंत्र वाट बघायचं, काही येत नाही म्हणायचं आणि यादी पूर्ण म्हणून छापायचं. लाइन तुटणं आणि काम नीट संपणं, दोन्ही त्याला अगदी एकसारखं दिसत होतं.

मी ते सरांना दाखवलं. ते खुर्चीत मागे टेकले. “हे कुणाच्या बापाने ठरवलं? अगं, जाताना येतो म्हणून सांगून जातात ना माणसं? ‘मी थांबतोय’ म्हणायचं, समोरच्याने ‘बरं, थांब’ म्हणायचं, मगच संपलं. ते न होता आवाज बंद झाला, तर घात झाला असंच समजायचं. बिघाडाला चांगल्या बातमीचे कपडे कधी घालू द्यायचे नाहीत, लक्षात ठेव.”

मी हो म्हटलं असावं. मला समोरचा फळा दिसत नव्हता. मला आमचा जिना दिसत होता आणि काकू हसत हसत वर बघून म्हणत होत्या, पुन्हा वाजून बंद झाला.

फोन बोरिवलीहून मुलुंडपर्यंत प्रत्येक वेळी पोचला होता. घंटी खरीच वाजली होती. काकूंनी जे ऐकलं तेच मला सांगितलं होतं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. दादाने प्रत्येक वेळी धरून ठेवला होता. आणि लाइन दर वेळी काकूंनी उचलण्याआधी तुटत होती. कुणीच खोटं बोललं नव्हतं. आम्ही ठरवलेलंच असं होतं, की दादा जितका जिवाच्या आकांताने मला हाक मारेल, तितकं मला कळेल की सगळं ठीक आहे.

सरांनी विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आज घरी जा. नाही, भावाकडे जा.”

मला ते पटलं. काकूंना मी त्याच आठवड्यात जाऊन सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि रडल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. दादाचंही तसंच होईल असं मी धरून चालले. त्याला कळेल की मी त्याची हाक ऐकूनही झोपून राहिले नव्हते. मला वाटत होतं, मी त्याच्यासाठी काहीतरी सोडवून नेतेय. शिकले त्याचा घराला एवढा तरी उपयोग.

रविवारी सकाळी गेले. दादा स्टोव्हला पिन घालत बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं, घाटकोपरची यादी, गप्प बसण्याचा नियम, सगळं. कारखान्यातला माणूस, त्याला यंत्राचं लगेच कळतं. अर्ध्यावरच त्याने पिन खाली ठेवली.

“म्हणजे मी पुन्हा पुन्हा लावत होतो, ते...”

“हो.”

“एकदाच लावून सोडला असता तर?”

“तरी तेच, दादा. काकूंना एकदाच ठीक आहे कळलं असतं.”

“पण मी दुसरं काही केलं असतं. टॅक्सी करून कुणाला तरी पाठवलं असतं. मी थांबलो ते फोन वाजत होता म्हणून.” त्याने हाताला लागलेलं रॉकेल फडक्याला पुसलं, मग पुन्हा पुसलं. “मला वाटलं, एवढ्या वेळा वाजला म्हणजे बोलणं नाही झालं तरी तुला कळलंच असणार. निघालीच असशील.”

“मला तसं वाटण्यासारखं...”

“ऐक ना जरा.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “मी वर वॉर्डात बाबांकडे गेलो. त्यांनी विचारलं, चेडू इला? मी म्हटलं, निघालीय, वाटेत आहे.”

वहिनी आतून चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

“मग उठून बसले. सदरा बदल म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, धाप लागते. ऐकेनात. बदलला. मग मला विचारायला लागले. एकदा आले होते ना तुझ्याबरोबर मुलुंडहून इकडे, तेवढ्यावर सगळी स्टेशनं पाठ. आता घाटकोपर इला असतला. मी म्हटलं, हो. आता दादर. गाडी बदलल्यान असतली. मी म्हटलं, हो. मध्येच डोळे मिटायचे. मला वाटायचं झोपले. मग पुन्हा, अंधेरी इला काय? हो, बाबा. गोरेगाव? हो.”

 खालच्या गल्लीत कुणीतरी बादली ओतली.

“तुला मी हे कधी सांगणार नव्हतो,” दादा म्हणाला. “मला वाटत होतं, कळूनही तू आली नाहीस. तुझा राग होता तोपर्यंत बरं चाललं होतं गं. आता कुणावर करू?”

मी त्याला विचारलं, शेवटचं कुठलं स्टेशन म्हणाले.

“मालाड.”

मालाडनंतर कांदिवली, मग बोरिवली. मी मनात म्हटलं. वहिनीने चहा आमच्या मधे ठेवला आणि भिंतीला पाठ लावून तीही खाली बसली.